पाठमोरीचा पहिला संवाद

३ फेब्रुवारी

‘पाठमोरी’ पुन्हा काढतायत.

सकाळी फोन वाजला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ह्यांनी घेतला. “हो, हो, घरातच आहे, वाळत घालतेय,” असं बोलून तो माझ्या ओल्या हातात दिला. पलीकडे एक तरुण माणूस होता. दिग्दर्शक आहे म्हणाला. “मावशी, तुमच्याशिवाय हा सिनेमा होऊच शकत नाही.” मी याची मावशी कधी झाले ते मला ठाऊक नाही, पण वाक्य बरं होतं.

वही नवी आहे, म्हणून पहिल्यापासून नीट लिहिते. कॉलेज संपता संपता मी एका भुताच्या सिनेमात काम केलं. त्यातली बाई सबंध सिनेमाभर आपल्याकडे पाठ करून उभी असते. कधी खिडकीशी, कधी बोळाच्या टोकाला. बोलत नाही, चालत नाही आणि शेवटपर्यंत वळत नाही. एवढ्यावर लोकांची घाबरगुंडी उडाली. अजून उडते म्हणतात. ती पाठ माझी.

पुढे मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. फळ्याकडे वळले की वर्ग चिडीचूप व्हायचा. इतर शिक्षिकांना वाटायचं, बाईंचा दरारा आहे. होताच, पण तो मागच्या बाजूने.

त्या वेळचे दिग्दर्शक म्हणाले होते, “पुढच्या चित्रपटात तुला चेहरा देतो.” पुढचा चित्रपट व्हायच्या आत ते गेले. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

ह्यांनी तो सिनेमा माझी ओळख व्हायच्या आधीच पाहिला होता. कोणी विचारलं तर अजून सांगतात, “समोरून कशी दिसते ते बघायला गेलो आणि अडकलो.”

६ फेब्रुवारी

दिग्दर्शक घरी येऊन गेला. चाळिशीचा असेल. घरातसुद्धा टोपी काढत नाही, म्हणून आम्ही त्याचं नाव टोपी ठेवलं. मुलगा वाईट नाही. चहा प्यायल्यावर कप स्वतः आत नेऊन ठेवला.

त्याचं म्हणणं, जुन्या सिनेमात एक उणीव आहे. ती बाई कोण, हे शेवटपर्यंत कळतच नाही. “आताच्या प्रेक्षकाला उत्तरं लागतात, मावशी.” म्हणून नव्या सिनेमात तिचं बालपण आहे, तिचं प्रेम आहे, तिचा विश्वासघात आहे आणि तिला पोहायला शिकायचं होतं हेही आहे. मी म्हटलं, “भुताला एवढं सगळं?” तो म्हणाला, “माणूस होती ना आधी.”

मग मी माझ्या कामाचं विचारलं. छोटं आहे पण अतिशय महत्त्वाचं आहे. पाठमोरी जिवंत असतानाचा प्रसंग. ती त्या घराकडे निघालेली आहे, बागेत बाकावर एक म्हातारी बसलीय, आणि ती म्हातारी म्हणते, “त्या घरात जाऊ नकोस, पोरी.”

पाच शब्द. मागच्या वेळी एकही नव्हता. प्रगती मोजायची तर शून्याने भागता येत नाही, म्हणून सोडून दिलं.

१० फेब्रुवारी

वाक्याचा सराव चालू आहे. ‘जाऊ’वर जोर दिला तर धाक वाटतो. ‘त्या’वर दिला तर घर वेगळंच कुठलंतरी वाटतं. ‘पोरी’ हळू म्हटलं तर चांगलीच भीती वाटावी. स्वयंपाकघरात, जिन्यात, आंघोळीला जाताना म्हणून बघितलं. शेवटी हे म्हणाले, “मी कुठल्याच घरात जात नाही. इथेच बसतो. मग तर झालं?”

लेकीचा फोन. “आई, या वेळी तोंड दिसणार आहे ना?”

“त्याचं काय एवढं,” मी म्हटलं.

दुपारी चष्म्याची फ्रेम बदलून आणली. जुनी सैल झाली होती.

१९ फेब्रुवारी

नवी पाठमोरी आज घरी आली. टोपीने पाठवलेली नाही, स्वतःहून आली. काडीसारखी पोर, मोठे मोठे डोळे, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी “सॉरी”. लांबच्या गावाहून आली आहे. इथे दोन मैत्रिणींबरोबर खोलीत राहते. हे तिचं पहिलंच मोठं काम. भाऊ म्हणालाय, हा सिनेमा चालला नाही तर परत ये आणि दुकानात बस.

“सॉरी, पण उभं कसं राहायचं ते सांगाल का? मी उभी राहिले की नुसती बसची वाट बघतेय असं वाटतं.”

मी हसले नाही. प्रश्न चांगला होता. मी तिला सांगितलं, की मागे कोणीतरी आहे हे तुला माहीत असलं पाहिजे, आणि तुला त्याच्याकडे बघायची इच्छा नसली पाहिजे. राग नको, दुःखही नको, नुसती अनिच्छा. परीक्षेत पुढच्या बाकावरची मुलगी पेपर झाकून बसते ना, तशी पाठ.

तिने खिडकीशी उभं राहून बघितलं. दहा वेळा बसची वाट बघितली. मग काय झालं कोण जाणे, खांदे जरासे खाली आले, मान इतकीशी आत गेली, आणि दिवाणखान्यातली हवाच बदलली. तेवढ्यात हे ट्रे घेऊन दारात आले. भर दुपारची वेळ, लख्ख ऊन. हे तिथेच थबकले, म्हणाले, “मी नंतर येतो,” आणि चहासकट परत गेले.

पोरगी वळून खुदकन हसली. मग रडली. मग परत “सॉरी”.

माझ्यापेक्षा बरी करते. हे इथेच लिहून ठेवते. तिला सांगितलं नाही, शेफारून जायची.

४ मार्च

शूटिंग झालं. यंदा थंडी अजून हटलेली नाही, बागेत सकाळपासून बोचरं वारं. मला शाल, काठी आणि सुरकुत्या दिल्या. सुरकुत्या माझ्या होत्या त्या पुरल्या नाहीत.

पोरगी पातळ फुलाफुलांच्या फ्रॉकमध्ये. तिच्या जिवंतपणीचा प्रसंग म्हणजे उन्हाळा दाखवायचा होता. दात वाजत होते बिचारीचे. दोनदा केलं, दोन्ही वेळा विमान गेलं. तिसऱ्यांदा कॅमेरा चालू झाला. ती माझ्यासमोर आली, मी काठी आपटली आणि ‘पोरी’ अगदी हळू ठेवून म्हटलं, “त्या घरात जाऊ नकोस, पोरी.”

टोपीने थांबायला सांगायचं, तर तो सांगेना. पोरगी समोर कुडकुडत उभी. तिचे दंड बघून माझ्या तोंडून गेलं, “आणि जाणारच असशील तर स्वेटर घालून जा. तुमचं म्हणजे कसं, सांगितलेलं ऐकायचं नाही आणि मग आठवडाभर नाक ओढत बसायचं.”

मग थांबवलं. कॅमेऱ्यामागचा माणूस रुमालात तोंड खुपसून खोकत होता. थंडीच तशी होती. मी टोपीची माफी मागितली आणि म्हटलं, पुन्हा घेऊ या. तो म्हणाला, “राहू दे. आपल्याला हवं ते मिळालंय.” चिडला नाही, हे नशीब.

पुढचं कापतील म्हणा. वाक्य तर चांगलं झालं.

२७ जून

पोरगी अधूनमधून येते. आली की लसूण सोलून देते आणि सेटवरच्या गोष्टी सांगते. तिच्या मनासारखं चाललं होतं. परवा संकलनाच्या खोलीत तिने एक तुकडा पाहिला, तेव्हापासून गप्प आहे.

“आजी, माझी मान फिरते,” म्हणाली.

“म्हणजे चक्कर येते?”

“नाही, सिनेमात. गोल फिरते. कॉम्प्युटरवर केलंय. आणि चेहऱ्यावर दुसरा चेहरा लावलाय. दात आहेत खूप.”

मी म्हटलं, थोडंफार करतातच हल्ली. पुरा सिनेमा बघू, मग बोलू. आधीच गळाठून जायचं नाही.

ह्यांनी हळूच विचारलं, “हिचं म्हणून काय राहिलंय मग त्यात?” मी डोळे वटारले.

१२ सप्टेंबर

उद्घाटनाचा खेळ. नवी साडी, नवी फ्रेम, लेक आणि जावई मागच्या रांगेत. पोरगी माझ्या डाव्या हाताला, हे उजव्या. टोपी पुढे, आज टोपीही नवी. दारात एका पत्रकाराने मला ओळखलं नाही. लेकीने सांगितलं तेव्हा म्हणाला, “जरा वळता का?” मी वळले. “हां, हां,” म्हणाला आणि पाठीचा फोटो घेतला.

तर सिनेमा.

पहिलं म्हणजे ते घर. आमच्या वेळी साधं बैठं घर होतं, म्हणून भीती वाटायची, की आपल्याच घरात असं झालं तर. हे नवं घर असं आहे की कुठल्याही शहाण्या माणसाने फाटकातूनच मागे फिरावं. काळे झालेले दगड, वटवाघळं, कर्रकर्र वाजणारं सगळं. तरी एक कुटुंब हसत हसत सामान घेऊन आत शिरतं. दुसरं म्हणजे वाजवणं. भीती यायच्या आधी वाद्यं अशी दवंडी पिटतात की प्रेक्षक आधीच कानावर हात ठेवून तयार. आणि तिसरं म्हणजे पाठमोरी. पडद्यावर आली, आणि पंखा सुरू व्हावा तशी तिची मान वळली.

दात होते. फणीसारखे, दोन्ही बाजूंनी. मग तोंडातून दिव्यावर येतात तसले पतंग उडाले. मग ती छतावरून पळाली. मग परत मान. पहिल्यांदा थिएटरात कोणीतरी किंचाळलं, दुसऱ्यांदा कोणी नाही, तिसऱ्यांदा मागून आवाज आला, “अगं, लचकेल मान.” लोक खुसखुसायला लागले.

पोरीने माझा हात धरला होता. मी पडद्यावर तिला शोधत होते. एका ठिकाणी, बोळाच्या टोकाला, ती क्षणभर नुसती उभी होती. ते खांदे तिचे होते. मी तिच्या हातावर बोट टेकवलं, तेवढ्यात मान फिरली.

आणि मग माझी बाग आली. सबंध पडद्यावर माझा चेहरा. केवढा मोठा होता. नाकाशेजारचा तीळ वाटोळ्या बशीएवढा. मी म्हणाले, “त्या घरात जाऊ नकोस, पोरी,” आणि कोणी श्वास घेतला नाही. म्हटलं, जमलं. पण पुढचं कापलंच नव्हतं. स्वेटर आला, नाक ओढणं आलं, आणि थिएटर जे हसलं ते छप्पर उडेल असं. टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी ओरडलं, “आजी, बरोबर.” हे तर असे हलत होते की खुर्ची वाजत होती.

भुताच्या सिनेमात हशा. माझ्यामुळे. त्यानंतर एकदाही कोणी घाबरलं नाही. पाठमोरी छतावरून आली की बाजूने कोणीतरी म्हणायचं, “स्वेटर कुठंय?” की पुन्हा हशा.

टोपी शेवट व्हायच्या आधीच उठून गेला.

१३ सप्टेंबर

सगळीकडे वाईट छापून आलं आहे. ‘डोंगर पोखरून उंदीर’ असं एका ठिकाणी. लेक म्हणते, माझ्याबद्दल चांगलं आहे, वाचून दाखवू का. मी नको म्हटलं. एवढ्या लोकांची मेहनत, आणि मी दोन वाक्यांत पाणी ओतलं त्यावर. भूगोलाच्या बाईने तोंडावर ताबा ठेवायला नको होता का? म्हणूनच मागच्या वेळी मला बोलू दिलं नसेल.

ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “तुझ्यामुळे सिनेमा पडला असं तुला खरंच वाटतं?” मग माझ्याकडे बघत राहिले. “वाटतंय खरं,” म्हणाले, आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला.

पोरगी फोन उचलत नाही.

१५ सप्टेंबर

टोपीच्या कचेरीत जाऊन आले. चूक माझी, तर माफी मीच मागायला हवी.

एकटाच बसला होता. बूट काढलेले, टोपी टेबलावर. पहिल्यांदाच त्याचं डोकं पाहिलं. चांगले दाट केस आहेत, कशाला झाकतो कोण जाणे.

“मी माफी मागायला आलेय,” मी म्हटलं. “माझ्यामुळे लोक हसायला लागले.”

त्याने वर बघितलं. “मावशी, टोमणा मारायला एवढ्या लांब आलात?”

“मला टोमणे मारता येत नाहीत. मी मनापासून सांगतेय.”

मग हसला, पण कसंनुसं. “लोक तुमच्या आधीपासून हसत होते. मी मोजत होतो. तुमच्या वेळी हसले ते निराळं होतं.”

“हसणं ते हसणं.”

“नाही हो. ते मला हसत होते. तुमच्याबरोबर हसले.”

माझी समजूत घालत होता. मनाने मोठा आहे. मी खुर्चीवर बसले. मग तो आपणहून बोलायला लागला. लहानपणी वडिलांबरोबर त्याने आमचा सिनेमा पाहिला होता. नंतर कित्येक दिवस आई ओट्याशी स्वयंपाक करत उभी असली की हा स्वयंपाकघरात जात नसे. “बाहेरून हाका मारायचो. आई वळली, तिचं तोंड दिसलं की मगच आत. मला कायम बघायचं होतं, ती कोण आहे. एवढ्यासाठी सिनेमा काढला. आणि तो चेहरा दाखवला तर लोकांना दात दिसले.”

“तुम्ही खूप दाखवलेत,” मी म्हटलं.

“चेहरा कसा असायला हवा होता, मावशी?”

मला काय माहीत. म्हटलं, “चार लोकांसारखाच असेल. मीच होते ना.”

तो नुसता माझ्याकडे बघत होता. नाकाकडे, चष्म्याकडे, सगळीकडे, इतका वेळ की मला अवघडल्यासारखं झालं. डोळे भरले होते त्याचे. अशा वेळी काय बोलायचं ते मला सुचत नाही, म्हणून विचारलं, “जेवलात का?” नव्हता जेवला. त्याला बूट घालायला लावले आणि खाली नेऊन जेवायला घातलं. जेवताना म्हणाला, पोरीचे जे तुकडे कॉम्प्युटरवर जायच्या आधीचे आहेत ते तिला देतो, तिला कुठे दाखवायला उपयोगी पडतील. मी म्हटलं, आजच द्या. उद्या तुम्हाला दुसरं काही सुचेल.

१८ सप्टेंबर

पोरीच्या खोलीवर गेले. बॅग भरून पलंगावर बसली होती. भावाने संध्याकाळच्या गाडीचं तिकीट काढून दिलं आहे.

“लोक विचारतात, सिनेमात तू कोण होतीस,” म्हणाली. “मी सांगते पाठमोरी, तर म्हणतात ती तर कॉम्प्युटरची होती.”

मी तिला टोपीने दिलेले तुकडे दाखवले. तिच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आम्ही दोघी बघत होतो. ती उभी होती, खिडकीशी. दात नाहीत, पतंग नाहीत, वाजवणं नाही. मैत्रीण केस पुसत आत आली, पडद्याकडे बघितलं आणि टॉवेलसकट भिंतीला चिकटली. “बंद कर आधी ते,” म्हणाली.

मी पोरीला म्हटलं, “माझ्यापेक्षा बरी करतेस.” शेफारली तर शेफारू दे.

तिने तिकीट फाडलं नाही, सिनेमात करतात तसं. स्टेशनवर जाऊन रीतसर रद्द करून आली. बॅग मात्र भरलेलीच ठेवली आहे.

३० सप्टेंबर

गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. त्याही सिनेमे काढतात. माझं बागेतलं काम त्यांना फार आवडलं म्हणे. मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी गोष्ट पाठवली, ती मी एका बैठकीत वाचली.

किती करुण आहे. एका म्हातारीला डॉक्टर सांगतात, आता काही खरं नाही. ती मन घट्ट करून घरातल्या सगळ्या वस्तू शेजाऱ्यांना वाटून टाकते. कपाट, आरसा, शिवणयंत्र, सगळं. आणि मग ती बरी होते. आता तिला एकेकाच्या दारात जाऊन सगळं परत मागायचं आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ह्यांना वाचून दाखवली तर हे सोफ्यावर आडवे झाले आणि पोट धरून म्हणाले, “पुढे, पुढे.” माणूस वयाबरोबर निबर होतो.

त्या बाईंना फोन करून सांगितलं, गंभीर भूमिका आहे, मी करीन. पण वरच्या मजल्यावरची जी मुलगी आरसा द्यायला नकार देते, तिच्यासाठी माझ्या माहितीत एक जण आहे, तिला एकदा बघा. तिचे तुकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, “मुलगी चांगलीच आहे, पण रात्रभर खोलीतला दिवा चालू ठेवावा लागला.”

पोरीने काल बॅग रिकामी केली.

९ नोव्हेंबर

पहिला दिवस झाला. थकलेय, पण लिहून मगच पाठ टेकते.

आरशाचाच प्रसंग होता. मी पोरीच्या दारात उभी, ती आत, मधे आरसा. मी म्हणायचं, “मेले असते तर राहू दिला असता, पण आता मला भांग पाडायला लागतो.” मी ते वाक्य अगदी आतून म्हटलं. एवढं लाचार होऊन मागायची वेळ कोणावर येऊ नये. पोरगीही छान. आरशावर हात ठेवून अशी बघत होती की माझंच मन विरघळलं.

शिस्त मात्र अजिबात नाही. कॅमेऱ्यामागे सगळ्यांचे खांदे हलत होते. दिवेवाला तर बाहेर निघून गेला. त्या दिग्दर्शक बाई तोंडावर कागद धरून बसल्या होत्या. एकदा स्पष्ट विचारायला हवं, की एवढ्या गंभीर प्रसंगात यांना होतं तरी काय. दोन दिवस जाऊ देते.

दुपारी टोपी येऊन गेला, सहजच. कोपऱ्यात उभा राहून सगळं बघितलं. जाताना पोरीला म्हणाला, तुझ्यासाठी एक गोष्ट डोक्यात आहे, भुताची, पण या वेळी काही समजावून सांगणार नाही. ती “सॉरी” न म्हणता “बघू” म्हणाली.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत कॅमेरा माझ्या तोंडासमोर, हाताच्या अंतरावर. इतका जवळ की काचेत मी मला दिसत होते. दिवसभरात एकदाही कोणी म्हणालं नाही, बाई, जरा वळा.